यंदाचा किताब की पुढचे हंगाम: डायनॅस्टी लीगमधील दोन मार्ग

डायनॅस्टी फँटसी फुटबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ वर्षानुवर्षे राखून त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, दोन-तीन हंगाम काढले की प्रत्येक संघमालकापुढे हा प्रश्न उभा राहतोच: पहिल्या फेरीच्या पिक्स (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) देऊन यंदाच्या किताबासाठी तयार खेळाडू घ्यावेत, की तयार खेळाडू विकून पुढच्या रूकी ड्राफ्टची (नवोदितांच्या वार्षिक निवडीची) बेगमी करावी? मी दोन्ही पद्धतींनी संघ चालवला आहे, आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधीच मान्य करतो.

यंदाच जिंकू पाहणाऱ्याला सर्वांत मोठा घोर असतो तो रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूचा. 2023 मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्रीने 1,459 यार्ड धावून एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि पुढच्याच हंगामात दुखापतींमुळे तो अवघे 4 सामने खेळला. ज्यांनी मधल्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी भरमसाट किंमत मोजली असेल, त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, तरी पैसे बुडाले ते बुडालेच. उलट त्याच 2024 मध्ये तिशी गाठलेला डेरिक हेन्री बॉल्टिमोरकडून 1,921 यार्ड धावला. त्यामुळे सत्ताविशी ओलांडलेला रनिंग बॅक डोळे मिटून विकावा, या सरसकट सल्ल्यावर माझा आता फारसा विश्वास राहिलेला नाही.

भविष्यावर भिस्त ठेवणाऱ्याची बाजू कागदावर अधिक सुरक्षित दिसते. प्रत्यक्षात 2020 च्या अनेक रूकी ड्राफ्टमध्ये पहिला मान क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला मिळाला, पण तो अपेक्षेइतका चमकला नाही; पुढे तारे ठरलेले जोनाथन टेलर व जस्टिन जेफरसन त्याच्यामागून गेले. पिकची किंमत ती वापरण्याच्या आदल्या दिवशी सर्वाधिक असते, कारण तोवर तिच्यात जेफरसनही दडलेला असतो आणि एडवर्ड्स-हेलेअरही.

या वादातला सर्वांत चांगला दाखला खुद्द एनएफएलमध्येच सापडतो. 2021 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅथ्यू स्टॅफर्ड या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) डेट्रॉइट लायन्सला आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला आणि त्याच्यासोबत पहिल्या फेरीच्या दोन पिक्सही देऊन टाकल्या. त्याच हंगामात रॅम्सने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला, आणि पुढच्या वर्षी त्यांची 5 विजय, 12 पराभव अशी घसरण झाली. लायन्सने त्यांच्याकडून आलेली 2023 ची सहाव्या क्रमांकाची पिक पुढे फिरवून जाहमिर गिब्स आणि सॅम लापोर्टा असे दोन मोहरे मिळवले, आणि जानेवारी 2024 च्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) त्याच रॅम्सला 24-23 असे हरवले. म्हणजे धीर धरणाऱ्याचा धीर वाया गेला नाही. मात्र पहिल्या फेरीची पिक हाती नसताना रॅम्सनी 2023 मध्ये पाचव्या फेरीत पुका नाकुआ हा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) शोधला आणि त्याच हंगामात ते पुन्हा प्लेऑफमध्ये आले, हेही विसरता येत नाही. पिक्स उधळल्याची शिक्षा समजतात तितकी लांबत नाही, असे मला यावरून वाटते; शिवाय करंडक रॅम्सच्या कपाटात आहे, लायन्स अद्याप सुपर बोलपर्यंत पोहोचलेले नाहीत.

तरीही माझा कौल ज्या गोष्टीमुळे ठरला, ती यापेक्षा कितीतरी क्षुल्लक आहे. कोणी मुद्दाम हरू नये म्हणून अनेक लीगांत रूकी ड्राफ्टचा क्रम जय-पराजयावर न ठरवता, संघाने जास्तीत जास्त किती गुण मिळवले असते यावर ठरवतात, आणि हे गुण जितके कमी तितकी पिक वरची; म्हणजे बेंचवर बसवलेल्या खेळाडूचे गुणसुद्धा तुमच्या नावे मोजले जातात. परिणामी पुनर्बांधणीच्या हंगामात रविवार अक्षरशः उलटा होतो. न विकला गेलेला एखादा तिशीतला रिसीव्हर तिसऱ्या क्वार्टरमध्ये 60 यार्डांचा टचडाउन करतो, आणि आनंद होण्याऐवजी आपली पिक दोन जागा खाली घसरली या विचाराने आपण कपाळाला हात लावतो. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत आपल्याच खेळाडूंचे वाईट चिंतीत बसायचे, हे मला जमले नाही. भारतातून सामने पाहणाऱ्याला तर ते अधिकच जड जाते, कारण रविवारचा पहिला सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतो. इतके जागरण करून स्वतःच्या संघाचा पराभव इच्छिण्यात कसली आली मजा? कदाचित हा स्वभावाचा भाग असेल. ज्यांना सामन्यांपेक्षा सौद्यांत अधिक रस आहे, त्यांना हा त्रास जाणवणारही नाही.

म्हणून माझा कल यंदाच्या बाजूने आहे, पण तो बेफाम नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर संघ एकूण गुणांत (विजयांत नव्हे; ते वेळापत्रकाच्या कृपेने मिळतात) पहिल्या तिघांत असेल, तर मी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पिक देऊन टाकतो; त्यापुढच्या वर्षीची मात्र राखून ठेवतो, कारण तोवर संघाचे काय होईल हे कोणालाच सांगता येत नाही. संघ तळाच्या तिघांत असेल आणि तरुण क्वार्टरबॅकही हाताशी नसेल, विशेषतः सुपरफ्लेक्समध्ये (जिथे दुसरा क्वार्टरबॅकही खेळवता येतो), तर पुनर्बांधणीला पर्याय नाही, हे मलाही पटते. ती करायचीच तर अर्धवट करू नये, सगळे ज्येष्ठ खेळाडू हंगाम ऐन भरात असताना, म्हणजे किताबाच्या मागे लागलेल्यांना त्यांची गरज असतानाच विकावेत. खरेदी करणाऱ्याने मात्र एप्रिलची वाट पाहावी. एनएफएल ड्राफ्टच्या आठवड्यात नव्या नावांची भुरळ सर्वांना पडलेली असते, आणि अठ्ठाविशीतला भरवशाचा रिसीव्हर एरवी मागितला तर मिळणार नाही अशा दरात तेव्हा हाती लागतो.