कमी ऑक्सिजनची दहा सेशन्स: पाऊल उचललं, पण घाई कुणालाच नव्हती

प्रुफं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे कुठेही गेले की आधी माहितीपत्रक हातात घेते. कमी ऑक्सिजनची हवा देऊन उपचार करणाऱ्या या सेंटरच्या पत्रकात दुसऱ्याच ओळीत होतं, 'मज्जातंतूंवरील आवरण पुन्हा तयार होते.' मी 'होते'खाली पेन्सिलीने रेघ मारली. शुद्धलेखन बरोबर होतं, चूक होती ती दाव्यात. कमी ऑक्सिजनमुळे माणसात असं घडतं हे कुणीही सिद्ध केलेलं नाही.

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, होऊन अकरा वर्षं झाली. यात मज्जातंतूंवरचं तेच आवरण खराब होतं. उजवं पाऊल उचललं जात नाही, घासतं. कुठलेही बूट घ्या, सहा महिन्यांत उजव्याचं टोक झिजून आतलं कापड दिसायला लागतं आणि डावा नवाकोरा राहतो. ती झीज थोडी कमी व्हावी, एवढ्याचसाठी मी गेले होते.

खुर्चीत बसायचं, नाकातोंडावर घट्ट मास्क. मशीन हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आणतं. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरसुद्धा श्वासात याहून जास्त मिळतो. दीड मिनिट ही हवा, मग मिनिटभर साधी, असे पंधरा फेरे. गुदमरेन अशी धास्ती होती, तसं काहीच झालं नाही. जीव कासावीस होतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि तो तर बाहेर जातच असतो. छाती मात्र आपली आपण खोल भरायला लागते, ओठांना किंचित मुंग्या येतात. ऑक्सिमीटरवर 97चे 84 होतात आणि साधी हवा आली की पुन्हा 97.

पहिल्या दिवशी आकडा एकदम 71 झाला. टेक्निशियन मुलाने आधी मास्क काढला, मग माझा हात हातात घेऊन पाहिला. बोटं बर्फासारखी गार! ती चोळून गरम केल्यावर आकडा 90च्या वर. मशीनवर विश्वास बसला तो या मुलामुळे.

उपचारामागचा विचार मला पटतो. मानेतल्या रोहिणीजवळ कॅरोटिड बॉडी नावाचा इवलासा अवयव रक्तातल्या ऑक्सिजनवर पहारा देत असतो. तो ओरडला की मज्जारज्जूत सेरोटोनिन सुटतं, बीडीएनएफ नावाचं प्रथिन तयार होतं आणि स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी काही काळ जास्त तल्लख होतात. मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्यांच्या घोट्याच्या ताकदीत आणि चालण्यात याने फरक दिसलाय. एमएसमधले अभ्यास अजून छोटे आहेत. यातला 'काही काळ' महत्त्वाचा. तेवढ्यात चालून घ्यायचं, नाहीतर नुसती हवा खाऊन घरी.

आणि नेमकं इथेच सेंटर झोपलेलं. फिजिओ खालच्या मजल्यावर, तिथे रांग. पहिली पाच सेशन्स मी मास्क काढल्यावर पाऊण तास बाकावर बसून काढली. नंबर लागेपर्यंत थकव्याने डोळे मिटायचे. सहाव्या दिवशी मी कुरकुरले, तर तो मुलगाच म्हणाला, "मॅडम, इथे कॉरिडॉरमध्येच चालूया का?"

"चल की. आधी का नाही सुचलं तुला?"

त्याने टेपने मोजून जमिनीवर 25 फुटांवर दोन चिकटपट्ट्या लावल्या. एमएसमध्ये चालण्याचा वेग याच अंतरावर मोजतात. मास्कआधी 11.4 सेकंद, नंतर लगेच 10.1. मुख्य म्हणजे पाऊल घासल्याचा तो खर्रर्र आवाज पहिल्या दहाएक पावलांत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पुन्हा 11.2. वीस टक्के फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात, माझा बारासुद्धा नव्हता. पण तो आवाज नसणं मी कानांनी ऐकलंय.

घोरता का, हे मला कुणी विचारलं नाही, याचा राग आहे. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचा ऑक्सिजन रात्रभर असाच वरखाली होतो आणि त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. अशा माणसाला आणखी कमी ऑक्सिजन देण्याआधी चार प्रश्न विचारायला काय जातं? एमएसची औषधं चालू ठेवायची, हेही माझ्या न्यूरोलॉजिस्टनेच बजावलं, सेंटरने नाही.

पत्रकाच्या मागच्या पानावर त्याच आजारासाठी जास्त ऑक्सिजनचा, दाबाच्या टाकीत बसायचा उपचारही आहे. 1983 साली एका चाचणीत त्याने थोडा गुण दिसला होता, नंतरच्या चाचण्यांमध्ये तो टिकला नाही. एकाच कागदावर पुढे कमी, मागे जास्त.

मशीन आणि मुलगा यांना पाचपैकी चार. पत्रकाला शून्य. पुढची दहा घेईन, पण मास्क काढल्यावर दहा मिनिटांत चालायला मिळणार असेल तरच, असं मी रिसेप्शनवर सांगितलं. "फिजिओचं शेड्यूल वेगळं असतं," म्हणाल्या. मग कॉरिडॉरमधल्या त्या चिकटपट्ट्या तरी आहेत का विचारलं. फरशी पुसताना निघाल्या म्हणे.