मासे द्यायला आधी नाही म्हणणारं दुकान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 32 वर्षं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, तपासायचं काम केलं. निवृत्त झाल्यावर पाचगावच्या घरामागं नातीसाठी तळं बांधलं. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, साडेतीन फूट खोल, म्हणजे साधारण 6 हजार लिटर पाणी.

सिमेंट वाळतंय न वाळतंय तोवर मी एका दुसऱ्याच दुकानातून 12 कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, आणले होते. त्या माणसानं तळ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पिशव्या बांधल्या, पैसे घेतले. महिन्याच्या आत बाराही गेले. पोरगी उठायच्या आत रोज पहाटे तळ्यावर जायचं, तरंगणारा मासा काढायचा आणि पेरूखाली पुरायचा. तिला सांगायचं काय, हा प्रश्न फार जड होता.

त्यानंतर कुणीतरी राजारामपुरीतल्या आतल्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. दहा बाय बाराची खोली, मागच्या अंगणात निळ्या टाक्या. चालवणारा पोरगा तिशीचा असेल. त्याचा पहिलाच प्रश्न, "काका, तळं किती दिवसांचं?" मी सांगितलं. "मग आज मासं न्हाई देत. ह्येबी मरतील."

मग त्यानं सगळं समजावलं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून तळं तीन-चार वेळा भरून उपसायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं, तेव्हा क्लोरीन मारायचं औषध घातल्याशिवाय नळाचं पाणी सोडायचं नाही. आणि सगळ्यात मोठं कारण अमोनिया. माशांच्या घाणीतून तो तयार होतो, आणि त्याला पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतातच. ते वाढायला पाच-सहा आठवडे जातात. मासे नसताना त्यांना खुराक म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाकायचं, फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवायचा, आणि पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि त्यातून होणारं नायट्राइट दोन्ही शून्य आले की यायचं. त्या दिवशी त्यानं मला फक्त ते किट विकलं.

सहाव्या आठवड्यात नातीला घेऊन गेलो. कोई वरून बघायचा मासा आहे, काचेच्या पेटीत त्याची पारख होत नाही. म्हणून पोरग्यानं एकेक मासा उथळ टबात घेऊन दाखवला. मला सगळ्यात आवडलं ते त्याचं मासा धरणं. जाळीनं माशाला नुसतं वळवायचा, उचलायचा मात्र पाण्यासकट पातेल्यात. जाळीत उचललं की खवले दुखावतात, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं रोग धरतो, म्हणाला. एवढ्या निगुतीनं काम करणारा हात मी कारखान्यातही फार थोड्यांचा पाहिलाय.

रंगाकडं नंतर बघा, आधी अंग बघा, हे त्याचं सांगणं मला लगेच पटलं. कास्टिंगला रंग मारायच्या आधीच ब्लो होल, म्हणजे आत हवेनं पडलेली पोकळी, शोधायचं असतं. इचलकरंजीच्या मागावरच्या धोट्यासारखं अंग हवं, मध्ये भरलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं. पोहताना पाठ एका बाजूला वाकू नये. पुढचे दोन्ही पर सारखे उघडावेत, कल्ल्यांची झाकणं पुरी असावीत, खवले फुगून उठलेले नसावेत. वर येऊन तोंड उघडझाप करणारा, टाकीच्या तळाला अंग घासणारा किंवा कोपऱ्यात एकटा थांबणारा मासा नको. आणि त्या टाकीतला दुसराही नको.

नातीला कपाळावर तांबडा टिळा असलेला पांढरा मासा हवा होता. जपानीत त्याला तांचो म्हणतात. बाकीचे 500 रुपयांना आणि हा 1800 ला. तो विकला असता तर त्याचाच फायदा होता, तरी म्हणाला, "काका, चार इंचाच्या पिल्लावरचा तांबडा टिकंलच असं न्हाई." आम्ही दोन कोहाकू घेतले, पांढऱ्यावर तांबडे, आणि दोन ओगोन, अंगभर सोनेरी. हे मासे चेन्नईकडचे आहेत, जपानातल्या निगाताचे नाहीत, हेही न विचारता सांगितलं. जपानी म्हणून दुप्पट पैसे मागणारे मी पाहिलेत.

तक्रार एकच, पण ती लहान नाही. गर्दीच्या वेळी मदतीला असलेला मुलगा एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरवतो. महिन्यानं आणखी दोन मासे आणले. ते तळ्यात न सोडता 300 लिटरच्या टबात 900 ग्रॅम जाडं मीठ घालून वेगळे ठेवले. चौथ्या दिवशी एकाच्या शेपटीच्या मुळाशी पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटल्यासारखं दिसलं. भिंग लावून बघितलं, तर तो किडा होता, तोंड मांसात रुतलेलं. अँकर वर्म म्हणतात त्याला. फोन केला तर दुकानदार संध्याकाळी स्वतः आला. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्यानं किडा मुळासकट काढला, जखमेला औषध लावलं, टबात घालायचं औषध दिलं आणि पैसे घेतले नाहीत. जाळीचं मी तोंडावर सांगितलं. त्यानं मान्य केलं. पुढच्या खेपेला प्रत्येक टाकीवर वेगळी जाळी टांगलेली होती, पण रविवारच्या गर्दीत ती पाळली जाते का, ते तुम्ही बघून घ्या. शक्यतो मधल्या वारी सकाळी जा.

मासे सांभाळायला जड झाले तर आपल्याकडं परत आणा, रंकाळ्यात सोडू नका, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो. कोई शेवटी कार्पच आहे, तळातला गाळ उकरतो आणि पाणी गढूळ करतो.

सध्या सहाही धडधाकट आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो म्हणून दुपारी खाद्य देत नाही. ढोकरी बगळ्याच्या भीतीनं वर जाळं ताणलंय. परवा सातवा घ्यायला गेलो, नातीचा वाढदिवस होता. त्यानं वहीत आमच्या तळ्याचं माप बघितलं. एका माशाला हजार लिटर, सहा झाले. पोरीला खाद्याचा डबा दिला आणि मासा पुन्हा दिला नाही.