आयरिश नाच शिकायचा आहे: केइली, सेट, शान-नोस की स्टेप?

'आयरिश डान्स' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: हात बाजूंना चिकटलेले, पाठ ताठ आणि गुडघ्याखाली पायांची नुसती वीज. 30 एप्रिल 1994 ला डब्लिनच्या पॉइंट थिएटरात, युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात, 'रिव्हरडान्स'ची सात मिनिटं सादर झाली आणि ते चित्र जगभर पक्कं झालं. पण आयर्लंडच्या क्लेअर किंवा केरी परगण्यातल्या एखाद्या गावच्या हॉलात साठीचे आजी-आजोबा नाचतात तो नाच हा नव्हे. एकाच संगीतावर पोसलेले चार वेगळे नाच आहेत, आणि वर्गाचे पैसे भरण्याआधी त्यांतला फरक कळायला हवा. नाहीतर आठ आठवड्यांनी गुडघा दुखायला लागतो आणि 'हे आपल्याला जमायचं नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

निवड पायांवरून करू नका, कानांवरून करा. या चारही नाचांत वादक आणि नाचणारा यांचं नातं वेगळं आहे. कुठलं नातं तुम्हाला आवडतं, त्यावर तुम्ही टिकाल की नाही हे ठरतं.

आधी चाली ओळखा

जिग म्हणजे 6/8. दादऱ्याला सरावलेल्या कानाला ती चटकन सापडते, फक्त वेग बराच जास्त. रील म्हणजे सरळ चाराचा हिशेब, केहरव्याच्या जवळचा, पण सुरांची माळ कुठेच न तुटता धावणारी. हॉर्नपाइपही चाराचाच, पण पहिला सूर लांब आणि दुसरा आखूड, त्यामुळे चाल डोलते. पोल्का 2/4, ठसक्याची. स्लाइड 12/8, म्हणजे जिगची धावती बहीण. 9/8 ची स्लिप जिग मुख्यतः स्टेपवाल्यांची.

बहुतेक धुनांचा साचा एकच असतो (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड): आठ बारांचा पहिला भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा भाग दोनदा, मिळून 32 बार. रीलमध्ये एका बारात पायाचे दोन ठोके पडतात. मेट्रोनोम (ठेका धरून देणारं यंत्र) 113 वर, म्हणजे मिनिटाला 113 ठोक्यांवर ठेवला तर 32 बार साधारण 34 सेकंदांत संपतात. नाचाची प्रत्येक हालचाल याच आठ बारांच्या कप्प्यांत बसवलेली असते. म्हणून नाचाआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं नुसतं ऐकून 'आता आठ संपले' हे ओळखायला शिकावं. पावलं त्यानंतर निम्म्या वेळात बसतात.

केइली: पहिल्याच रात्री नाचता येणारा

केइली या शब्दाचा मूळ अर्थ शेजाऱ्यांकडे गप्पांना जमणं. नाचाचा कार्यक्रम या अर्थाने पहिली केइली झाली ती आयर्लंडमध्ये नव्हे, तर लंडनच्या ब्लूम्सबरी हॉलमध्ये, 30 ऑक्टोबर 1897 ला, गेलिक लीग या आयरिश भाषा जपणाऱ्या संस्थेच्या तिथल्या शाखेने भरवलेली. या नाचांना त्यामुळे थोडी शिस्तीची, ठरवून घडवल्याची छटा आहे. नवख्याला तीच उपयोगी पडते.

पावलं मुळात दोनच: 'तीन' आणि 'सात', म्हणजे तितक्या मोजण्यांची. आडवं सरकायचं ते साताने, मग जागेवर दोनदा तीन. सात दोन बारांत, प्रत्येक तीन एका बारात, एकूण चार बार. उजवीकडे जाताना उजव्या पायाने सुरुवात केली तर सातव्या मोजणीला वजन उजव्यावरच येतं. पुढचं तीन डाव्याने, त्यापुढचं उजव्याने, आणि डावा पाय मोकळा राहतो, परत डावीकडे निघायला तयार. दुसरं तीन घाईत गाळलं की भलताच पाय मोकळा राहतो आणि पुढच्या साताला माणूस अडखळतो. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. पाऊल विसरलं असं त्यांना वाटतं, पण खरं तर एक तीन हरवलेलं असतं.

'वॉल्स ऑफ लिमरिक' हा सुरुवातीचा उत्तम नाच. दोन जोड्या समोरासमोर. पुढे-मागे दोनदा (8 बार), बायकांनी जागा बदलायच्या (4), पुरुषांनी बदलायच्या (4), समोरच्याचा हात धरून आडवं जाऊन परत (8), आपल्या जोडीदारासोबत फेरी (8), की नवीन जोडी समोर. बरोबर 32 बार, म्हणजे एक धून, एक आवर्तन. 'सीज ऑफ एनिस'मध्ये चारासमोर चार उभे राहतात, 'फेअरी रील'ला सहा माणसं लागतात, 'हेमेकर्स जिग'ला दहा.

इथे संगीत म्हणजे घड्याळ. ते तुम्हाला सांभाळून घेतं, पण तुमच्याशी बोलत नाही. वर्षभराने काहींना याचाच कंटाळा येतो.

सेट: इथे थांबून नीट पाहू

चार जोड्या, चौकोन, आणि बहुधा तीन ते सहा आकृत्या, म्हणजे नाचाचे वेगवेगळे भाग, मध्ये संगीत थांबतं, घाम पुसायचा, पुन्हा सुरू. मूळ पॅरिसच्या क्वाड्रिल या चौकोनी नाचात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये आलेलं. नेमक्या याच कारणाने गेलिक लीगने सेटला परदेशी ठरवून बाजूला सारलं. पुढे 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा झाला, धर्मगुरूंचा आणि पोलिसांचा रोख घरगुती नाचांकडेही वळला, आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवरचा हा नाच अनेक भागांत विझत गेला. क्लेअर, केरी, कॉर्क, गॉलवे इथे मात्र तो तगला. 1970 आणि 80 च्या दशकांत त्याचं पुनरुज्जीवन झालं. क्लेअरमधल्या मिलटाउन मॅल्बे गावात 1973 पासून जुलैच्या सुरुवातीला भरणारी विली क्लॅन्सी समर स्कूल ही त्यासाठी आजही महत्त्वाची जागा आहे. लीगने ज्याला परकं म्हटलं त्यात गावागावाची बोली जितकी टिकली, तितकी केइलीच्या छापील नियमांत टिकली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बोली म्हणजे अक्षरशः बोली. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूख्रा भागात पोल्का आणि स्लाइड, क्लेअरच्या कॅलेडोनियन सेटमध्ये रीलवर टाचेचे ठोके. पाय जमिनीलगत, उड्या नाहीत. केइली शिकून आलेला माणूस सेटमध्ये उसळत राहतो आणि दोन आकृत्यांत दमतो.

आकृती लांब असते. 200 बारांची आकृती 115 च्या वेगाला साडेतीन मिनिटांच्या आसपास चालते, कारण जोड्या आळीपाळीने नाचतात. वाद्यवृंदाला म्हणूनच कुठल्या सेटच्या कुठल्या आकृतीला किती बार लागतात हे ठाऊक असावं लागतं. फिडल, बासरी, बटण अकॉर्डियन, कॉन्सर्टिना, पियानो, ड्रम हा साधारण संच. किलफेनोरा केइली बँड 1909 पासूनचा, टला केइली बँड 1946 पासूनचा, दोन्ही क्लेअरचे. यांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की 'लिफ्ट' म्हणजे काय ते कळतं: वेग वाढत नाही, पण पाय आपोआप उचलला जातो.

उभं कुठे राहायचं? बहुतेक सेटमध्ये पहिली टॉप जोडी वाद्यवृंदाकडे पाठ करून उभी राहते, दुसरी तिच्या समोर. बाकीच्या दोन साइड. नवख्याने साइडची जागाच मागून घ्यावी, कारण आधी टॉप नाचतात आणि आकृती डोळ्यांखालून जाते.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्विंगमध्ये, म्हणजे जोडीने एकमेकांना धरून जागच्या जागी गरगर फिरण्यात. उजवी पावलं शेजारी-शेजारी, उजवा पाय खुंटीसारखा, डाव्याने मागून ढकलत राहायचं, आठ बार, म्हणजे सव्वाआठ सेकंदं. फुगडी घातलेल्यांना तोल वाटून घेण्याची कल्पना आधीच असते, आणि तो खरा फायदा आहे. पण फुगडीसारखं मागे झोकून दिलंत तर जोडीदाराच्या खांद्याला आणि कंबरेला झटका बसतो. इथे पाठ सरळ, वजन स्वतःच्या पायावर, ओढ अगदी थोडी. भोवळ येते ती फरशीकडे किंवा भिंतीकडे पाहिल्याने. जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहा. अंगठ्याने मनगट आवळू नका. आणि शेवटच्या दोन बारांत वेग सोडायला सुरुवात करा, नाहीतर पुढच्या हालचालीला तुम्ही अर्धी फेरी जास्त फिरलेले असता.

रबरी तळव्याचे बूट घालून स्विंग करू नका. तळवा फरशीला चिकटतो, शरीर फिरतं, आणि पीळ गुडघ्यात उतरतो. चामड्याचा गुळगुळीत तळवा, छोटी टाच, लाकडी फरशी. काँक्रीटवर ठोके देत राहिलं तर नडगी दुखणारच.

शान-नोस: एकट्याचा, वादकाशी बोलणारा

शान-नोस म्हणजे 'जुनी रीत'. वाद्याविना गायल्या जाणाऱ्या आयरिश गाण्यालाही हेच नाव आहे, तेव्हा वर्गात नाव नोंदवताना नाच की गाणं ते विचारून घ्या. घर गॉलवेच्या पश्चिमेला, कोनेमारात. एकटा माणूस, हात मोकळे, पाय जमिनीलगत, जागा एका दाराएवढी. पूर्वी खरोखर बिजागऱ्यांवरून दार काढून त्यावर नाचत. रचना ठरलेली नसते. वादकाने सूर वळवला की नाचणारा टाचेने उत्तर देतो.

चूक ठरावीक: पाय उंच जातो आणि ठोका मांडीतून येतो. तो घोट्यातून यायला हवा, म्हणजे आवाज स्वच्छ पडतो. दुसरी चूक, सगळे बार ठोक्यांनी भरून टाकणं. सुरुवातीला आठपैकी सहा बार नुसता ठेका धरा, शेवटच्या दोनांतच सजावट करा. जोडीदार नको, हॉल नको, एक पाट आणि ध्वनिमुद्रण पुरतं. पुण्यात किंवा नागपुरात राहून शिकायचं असेल तर चौघांत हाच सगळ्यात शक्य आहे. मात्र ज्याला माणसांत मिसळायचं आहे, त्याने इथून सुरुवात करू नये.

स्टेप: मुलांसाठी होय, मोठ्यांसाठी जपून

1930 साली स्थापन झालेल्या 'आन कोमिशून' या संस्थेच्या चौकटीतला स्पर्धेचा नाच. तिची जागतिक स्पर्धा 1970 पासून होते. मऊ बूट आणि कडक बूट असे दोन संच लागतात. पाय बाहेर वळवलेले, गुडघे एकमेकांवर, उड्या भरपूर. वादक इथे मेट्रोनोमला बांधलेला असतो: वरच्या श्रेणीत रील 113, तर कडक बुटांची ट्रेबल जिग मुद्दाम 73 पर्यंत उतरवलेली, कारण त्या संथ वेगात ठोक्यांची दाटी बसवायची असते. सात-आठ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला शिस्त, ताकद आणि रंगमंच हवा असेल तर हा मार्ग चांगला. पस्तिशीनंतर नव्याने सुरू करायचं असेल तर उड्या नसलेला प्रौढांचा वर्ग शोधा. नडगीचं दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर थांबा.

मग निवडायचं कसं

नवीन गावात ओळखी हव्या आहेत, जोडीदार नाही, वेळ आठवड्यातून एक संध्याकाळ: सहा आठवडे केइली, मग सेट. केइलीत आठ बारांची सवय लागते आणि तीच पुढे कामी येते. उलट क्रमही चालतो, पण मग पहिले तीन आठवडे गोंधळात जातात. नवरा-बायको दोघांना एकत्र शिकायचं असेल तर थेट सेट, फक्त वर्गात जोडीदार बदलत राहायला तयार राहा. एकाच माणसाबरोबर शिकलेला स्विंग दुसऱ्याबरोबर चालत नाही. तबला, ढोलकी किंवा पखवाज हाताशी असलेल्याने शान-नोस नक्की पाहावा. त्याचा कान आधीच तयार असतो.

वर्ग बहुधा सप्टेंबर ते मे चालतात. 'कोल्तस' या 1951 पासूनच्या, आयरिश संगीत आणि नाच जपणाऱ्या संस्थेच्या शाखा आयर्लंडबाहेर ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतही आहेत. नाव नोंदवण्याआधी एकदा नुसतं बसून पाहा, आणि दोन गोष्टी विचारा: फरशी लाकडी आहे का, आणि महिन्यातून एकदा तरी संगीत प्रत्यक्ष वाजतं का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर जवळपासचा दुसरा वर्ग आधी शोधा.