आर्वीचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आणि माझी एचएमटी जनता

चावीचं जुनं घड्याळ घरात बंद पडून असेल तर ते नागपूर-अमरावतीला धाडण्याआधी आर्वीच्या या दुकानात एकदा दाखवा. जागा टपरीएवढीच. समोर सेलची पाकिटं आणि पट्टे टांगलेले, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, इथे फक्त सेल बदलून मिळतात. पण टेबलामागे बसणारे काका मशीन पूर्ण खोलतात, धुतात, तेल देऊन परत बसवतात. असं काम करणारे आमच्या भागात आता फार थोडे उरलेत.

माझा मोटार वाइंडिंगचा धंदा आहे. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, कधी चक्कीची मोटार. हातात एचएमटी जनता असते, देवनागरीत नाव लिहिलेल्या डायलची. इतकी वर्षं व्यवस्थित चालणारी ही घडी एकाएकी पळायला लागली, दिवसाला पाच-पाच मिनिटं पुढे. घड्याळ मागे पडलं तर तेल सुकलं असेल, कचरा बसला असेल, हे मलाही कळतं. पुढे का पळावं?

काकांनी आधी झाकणाला हातच लावला नाही. ड्रॉवरमधून छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाशेजारी ठेवलं. सुई गर्रकन वळली.

"याले चुंबक लागलं भाऊ. काम काय करता?"

मी सांगितलं.

"मंग लागनच ना!"

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याचं भिंग माझ्या हातात दिलं. बॅलन्सच्या, म्हणजे घड्याळाचा ठोका ठरवणाऱ्या चाकावर केसासारखी बारीक स्प्रिंग असते, वेढ्यावर वेढे घेतलेली. चाक डावीउजवीकडे झुलतं तशी ती मिटते, उमलते. माझ्या घड्याळात तिचे दोन वेढे एकमेकांना चिकटत होते. वेढे चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि आखूड स्प्रिंग चाकाला लवकर परत ओढते. हे मशीन सेकंदाला ५ ठोके देतं, तासाला १८,०००. त्यात तासाला साठेक ठोके जास्त पडले तरी दिवसाचा फरक जवळपास पाच मिनिटांचा होतो. माझं गणित तिथेच जुळलं.

चुंबक काढायचा त्यांचा डबा म्हणजे आत तांब्याच्या तारेची कॉइल आणि वर एक बटण. बटण दाबून धरलं, घड्याळ डब्यावर ठेवलं आणि बटण न सोडता ते हळूहळू हातभर लांब नेलं. बटण सोडलं ते त्यानंतरच. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे कॉइलच्या चुंबकाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. घड्याळ जसजसं लांब जातं तसतसा प्रत्येक उलटा झटका आधीच्यापेक्षा कमजोर होत जातो आणि शेवटी आत काही उरत नाही. बटण मध्येच सोडलं तर चुंबक तसंच राहून जातं. दिवसभर तारेचे वेढे मोजणाऱ्या मला हे समोर बसून बघताना जो आनंद झाला तो पैशात सांगता येणार नाही.

उघडलंच आहे तर सर्व्हिसिंगही करून घेतली, ४०० रुपयांत. तेल देताना त्यांचा हात बघण्यासारखा असतो. सुईच्या टोकावरचा थेंब दिसतही नाही, ज्वेलच्या, म्हणजे चाकाचं टोक ज्यात फिरतं त्या बारीक खड्याच्या, खळग्यात पडला की भिंगातून चमकतो तेवढाच. चाकांच्या दात्यांना काका तेल लावत नाहीत, कारण ओल्या दात्यांवर धूळ बसते. आमच्याकडे जिनिंग सुरू झालं की हवेत रुई उडते, तेव्हा हे किती खरं आहे ते कळतं. १७ ज्वेल म्हणजे १७ हिरे, असं सांगणारे अजून भेटतात. ती कृत्रिम माणकं असतात, विकायला गेलं तर काही येत नाही. पोलादी टोक माणकाच्या भोकात फिरतं म्हणून झिजत नाही, त्यांची किंमत तिथे आहे.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटीझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली. २०१६ मध्ये घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय केंद्राने घेतला. त्यामुळे नवे पार्ट कंपनीतून येण्याचा प्रश्नच नाही. काकांकडे बंद पडलेल्या घड्यांचे डबे भरलेले आहेत, एकाचं चाक दुसऱ्याला लागतं. जनता काय, पायलट काय, त्यांच्या डब्यातलं बरंचसं सामान एकमेकांना चालतं, हे एचएमटीवाल्यांचं भाग्यच.

ऑनलाइन 'नव्यासारखी' पायलट घेणाऱ्यांनी मात्र आधी इथे येऊन दोन शब्द ऐकावेत. माझ्या साळ्याने मागवलेली काळ्या डायलची पायलट काकांनी भिंगाखाली धरली. डायल नव्याने रंगवलेली, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आत तेलाचा पत्ता नाही. वरून लखलखीत. जुन्या घड्याळाची डायल थोडी पिवळी पडली असेल तर पडू द्या, पैसे मशीनवर घाला. हे माझं ठाम मत आहे.

दुकानाच्या उणिवाही सांगतो. घड्याळ वेळेवर मिळत नाही, आठवडा सांगितला की पंधरा दिवस धरून चाला. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. वेग मोजायचं यंत्र नाही. घड्याळ कानाला लावून आणि रात्रभर ठेवून फोनशी मिळवतात. माझी जनता आता दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत आहे, मला तेवढं पुरतं. काचेवरचे ओरखडे घासून काढून देतात, जुनी काच प्लास्टिकची असल्याने ते निघतात. पाणी आत जाणार नाही याची हमी मात्र देत नाहीत, म्हणून ओलित करताना घड्याळ काढून ठेवायचं.

दुपारी जेवणाला दुकान बंद असतं आणि लग्नसराईत सेल-पट्ट्यांची गर्दी फार. मशीनचं काम असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि समोर उघडून दाखवा म्हणा. ते नाही म्हणत नाहीत.