बदकाच्या पायाची घरगुती मलमपट्टी आणि निओप्रीनचा बूट: काही महिन्यांच्या वापरानंतर

बदकाच्या तळपायाची जखम घरी सांभाळायची म्हटली की हाताशी पाच गोष्टी लागतात: पातळ करून वापरायचे जंतुनाशक, इप्सम सॉल्ट, जखमेला न चिकटणारे गॉझ, स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी आणि या सगळ्यावरून चढवायचा निओप्रीनचा, म्हणजे लवचीक कृत्रिम रबराचा, बूट. आमच्या पेकिन जातीच्या मादीच्या उजव्या पायासाठी या पाचही वस्तू मी कित्येक महिने वापरल्या. त्यांतला बूट लोक सर्वांत उत्सुकतेने विकत घेतात आणि बहुधा सर्वांत लवकर कोपऱ्यात टाकून देतात, म्हणून त्याबद्दलचे मत सुरुवातीलाच नोंदवतो. बूट कामाचा आहे, पण तो औषध नव्हे. केलेल्या पट्टीला चिखल आणि विष्ठा लागू न देणे एवढेच त्याचे काम. जखम भरून येते ती प्रामुख्याने पायाखालची जमीन बदलल्यामुळे.

तक्रार सुरू झाली ती किंचित लंगडण्याने. तळव्याच्या मधोमध, जिथे उभे राहताना सर्वाधिक भार येतो, तिथे एक काळपट, कडक खपली दिसली. भोवतीची कातडी लालसर होती आणि हाताला दुसऱ्या पायापेक्षा गरम लागत होती. याला सर्वसाधारणपणे बंबलफूट म्हणतात. कडक किंवा खडबडीत जमिनीवर सतत चालल्याने, उंचावरून उडी मारल्याने अथवा काटा, खडा रुतल्याने कातडीला बारीकशी चीर पडते आणि तिच्यातून जंतू आत शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू नेहमीचा. पेकिनसारख्या वजनदार जातींना हा त्रास अधिक होतो, कारण एवढ्या शरीराचा भार तळव्याच्या छोट्याशा गादीवर पडतो. येथे एक गोष्ट ठाऊक असलेली बरी: पक्ष्यांचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, तो घट्ट होतो आणि त्याची पिवळसर, चिवट गाठ बनते. त्यामुळे गळू दाबून मोकळे करण्याचा आपल्या अंगवळणी पडलेला उपाय पक्ष्याच्या पायाला लागू पडत नाही, उलट दाबल्याने संसर्ग आतल्या थरांत ढकलला जाण्याचा धोका असतो.

इप्सम सॉल्टबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कोमट पाण्यात ते विरघळवून त्यात पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवला की खपली मऊ होते, मळ सुटतो आणि पक्षीही बऱ्यापैकी शांत बसतो. एवढीच काळजी घ्यावी की बदकाने ते पाणी पिऊ नये, कारण इप्सम सॉल्ट म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट हे रेचक आहे, आणि बदकाला समोरच्या कोणत्याही पाण्यात चोच घालायचीच असते. मी शेजारी साध्या पाण्याचे भांडे ठेवत असे. तिचे लक्ष तिकडे गेले की काम सोपे होई.

जंतुनाशकांत मी क्लोरहेक्सिडिन आणि पोव्हिडोन आयोडीन ही दोन्ही वापरून पाहिली आणि शेवटी क्लोरहेक्सिडिनवर स्थिरावलो. ते २ टक्क्यांचे असेल तर लिटरभर पाण्यात २५ मिलिलिटर घातले की ०.०५ टक्क्यांचे द्रावण होते आणि उघड्या जखमेला तेवढे पुरते. त्याहून तीव्र वापरल्याने जखम लवकर बरी होत नाही, नव्याने येणारी नाजूक कातडी मात्र दुखावते. पाय आधी साबणाने धुतला असेल तर साबणाचा अंश पूर्ण निघाला पाहिजे, कारण साबणामुळे क्लोरहेक्सिडिनचा प्रभाव कमी होतो. आयोडीनही चांगलेच आहे, फक्त ते फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करावे लागते. त्याच्या डागामुळे कातडीची लाली कमी होते आहे की वाढते आहे हे नीट दिसत नाही, हा माझा त्याच्यावरचा आक्षेप. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या फेसाने जखम स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते, परंतु भरून येणाऱ्या पेशींनाही तो मारतो, म्हणून रोजच्या वापरात त्याला स्थान नाही.

खरे कौशल्य लागते ते पट्टीला. बदकाच्या पायाला पुढे तीन बोटे आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा, मागे उंचावर एक लहान बोट. गोल गुंडाळलेली पट्टी अशा पायावरून चार पावलांत निसटते. गॉझचा लहान चौकोन तळव्यावर ठेवून पट्टीची अरुंद फीत बोटांच्या मधून वर काढायची, पायाच्या नळीला एक वेढा द्यायचा आणि पुन्हा तिरकी खाली आणायची, असा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा टिकतो. पट्टी रुंद असेल तर ती उभी कापून दोन सेंटिमीटरच्या आसपासच्या फिती कराव्यात. ही पट्टी गुंडाळीतून ओढून थेट बांधली की ती ताणलेल्या अवस्थेत बसते आणि नंतर आवळत जाते. म्हणून हवी तेवढी लांबी आधी पूर्ण उलगडून, सैल करून मगच बांधावी. बांधल्यानंतर काही वेळाने बोटांची टोके पाहणे अत्यावश्यक आहे. ती थंड, सुजलेली किंवा निळसर दिसली तर पट्टी तत्काळ कापून काढावी. नळीभोवतीचा वेढा सैलच असावा, कारण तिथे कातडीखाली मांस जवळजवळ नाही, नुसते हाड आणि स्नायूबंध आहेत. ओली झालेली पट्टी संध्याकाळपर्यंत तशीच राहू दिली तर आतली कातडी पांढरी पडून भुसभुशीत होते, आणि अशी कातडी जंतूंना आयतीच सापडते.

आता बूट. निओप्रीनचा, तळाला जाडसर थर असलेला आणि नळीभोवती व्हेलक्रोने आवळायचा असा हा प्रकार आहे. मापे पक्ष्याच्या वजनावरून दिलेली असतात. माझ्या मते हा निकष अपुरा आहे, कारण सारख्याच वजनाच्या दोन बदकांच्या पंजांची रुंदी वेगळी असू शकते, शिवाय आत पट्टी असली की माप आणखी बदलते. पंजा कागदावर टेकवून, बोटे पूर्ण पसरलेली असताना बाहेरून रेघ मारून घ्यावी आणि त्यावरून माप ठरवावे. बूट लहान झाला तर बोटे आत दुमडतात. मोठा झाला तर टोकाला अडखळून पक्षी तोंडावर पडतो. पहिल्यांदा बूट घातल्यावर आमच्या मादीने पाय झटकत, उंच उचलत चालण्याचा असा काही प्रकार केला की घरातल्या सर्वांना हसू आवरेना, पण थोड्याच वेळात खाण्याचे भांडे समोर येताच बुटाचा विसर पडला.

महिनोन्महिने वापरल्यावर लक्षात आलेले दोष असे. निओप्रीन स्वतः पाणी अडवते, पण शिवण पाणी आत घेते आणि एकदा आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणजे पोहण्यासाठी हा बूट मुळीच नाही, आणि ओल्या गवतावर तासभर फिरल्यावरही आतून हात घालून पाहावे लागते. व्हेलक्रोच्या आकड्यांत भुसा, गवताच्या काड्या आणि पिसांचे तंतू अडकत जातात आणि पकड सैल होते. जुन्या दात घासायच्या ब्रशने ते काढता येतात, तेवढे करणे भाग आहे. व्हेलक्रोचे मोकळे टोक लोंबत राहिले तर बदक ते चोचीने ओढत बसते, म्हणून वाढीव टोक कापून टाकलेले उत्तम. तळाचा थर पुढच्या बाजूला, मधल्या बोटाच्या नखाखाली, सर्वांत आधी झिजला. धुतल्यावर बूट वाळायला फार वेळ घेतो, म्हणून एकाच पायासाठी दोन बूट असल्याशिवाय ही व्यवस्था चालत नाही. रात्री मी बूट काढून ठेवत असे. पक्षी बसलेला असतो, खालचे अंथरूण कोरडे असते आणि कातडीला वाराही लागायला हवा.

या सगळ्याहून अधिक फरक पडला तो जमिनीने. फरशीवर रबरी चटई टाकली, तिच्यावर कोरड्या भुशाचा जाड थर दिला आणि पाण्याचे भांडे जाळीच्या चौकटीवर ठेवून सांडलेले पाणी खालच्या तबकात जाईल अशी योजना केली. बदके पाणी किती सांडतात हे पाळणाऱ्याला सांगायला नकोच. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओल हीच आमच्याकडची मूळ व्याधी होती. ज्या उंच फळीवरून ती उडी मारत असे, तिच्याजागी बुटका, खरखरीत नसलेला उतार केला. पोहणे जखम उघडी असेपर्यंत बंद ठेवले, परंतु बदकाला डोके पूर्ण बुडवता येईल एवढे खोल भांडे मिळालेच पाहिजे, त्याशिवाय नाकपुड्या आणि डोळे स्वच्छ राहत नाहीत. जोडीदार बदकाला जाळीच्या पलीकडे, दिसेल असे ठेवले. एकटे पडलेले बदक खाणे सोडते आणि मग पायापेक्षा तीच चिंता मोठी होते.

घरच्या उपचाराची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. खपलीखालची गाठ चिमट्याने किंवा पात्याने घरीच उपटून काढण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. मला ते मान्य नाहीत. तळव्याच्या त्या जाडसर गादीखाली बोटे हलवणारे स्नायूबंध आणि रक्तवाहिन्या आहेत, आणि भूल न देता तिथे खोदकाम करणे म्हणजे पक्ष्याचा छळ आहे. खपली भिजवल्यावर आपोआप सुटली तर सुटू द्यावी, एवढेच मी केले. सूज बोटांत किंवा वर घोट्याकडे चढू लागली, पक्षी पाय टेकवेनासा झाला, जखमेला वास येऊ लागला अथवा काही दिवसांच्या नियमित मलमपट्टीनेही काडीचा फरक पडला नाही, तर पशुवैद्याकडे जाण्याला पर्याय नाही; संसर्ग हाडापर्यंत पोहोचला आहे का हे क्ष-किरण तपासणीशिवाय कळत नाही. आमच्या मादीला मध्यंतरी प्रतिजैविक द्यावे लागले, तेही पशुवैद्याने वजन करून ठरवलेल्या मात्रेत, आणि त्या काळातली व त्यानंतर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंतची अंडी आम्ही खाल्ली नाहीत. माणसांसाठीच्या वेदनाशामक गोळ्या आपल्या अंदाजाने देऊ नयेत. बधिर करणारे घटक असलेली मलमेही टाळावीत.

पकडण्याविषयी थोडेसे. बदकाला पायाला धरून कधीही उचलू नये. टॉवेलमध्ये पंखांसकट गुंडाळून मांडीवर घ्यावे आणि छातीवर दाब येऊ देऊ नये, कारण पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (डायफ्राम) नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांचा श्वास चालतो. पाठीवर फार वेळ उताणे ठेवणेही त्याच कारणाने वाईट. दोन माणसे असली तर एकाने धरावे आणि दुसऱ्याने पट्टी करावी. हातमोजे घालावेत व नंतर हात साबणाने धुवावेत, कारण बदके निरोगी दिसत असूनही साल्मोनेला हा पोटाचा आजार करणारा जंतू बाळगून असू शकतात. उष्ण दिवसांत उघड्या जखमेवर माश्या बसणार नाहीत याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. अळ्या पडल्या तर प्रकरण घरच्या आवाक्यातले राहत नाही.

आहाराचा संबंध लोकांना दूरचा वाटतो, पण कोंबड्यांच्या खाद्यावर वाढणाऱ्या बदकांबाबत तो तपासावाच. बदकांना नायसिनची (जीवनसत्त्व ब३) गरज कोंबड्यांपेक्षा जास्त असते, खाद्याच्या किलोमागे साधारण ५५ मिलिग्रॅम धरतात, आणि ते कमी पडले तर पाय वाकणे, सांधे सुजणे अशा तक्रारी उद्भवतात. ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर बनवताना वापरले जाणारे यीस्ट, खाद्यात मिसळणे हा त्यावरचा रूढ उपाय. जीवनसत्त्व अ कमी पडले तर तळव्याची कातडीच कमकुवत होते. जास्तीचे वजन हे तिसरे कारण, आणि लाडाच्या पक्ष्याबाबत तेच मान्य करणे सर्वांत जड जाते.

आज त्या तळव्यावर गुळगुळीत, किंचित टणक वण आहे, ऊब नाही आणि चाल सरळ आहे. उजवा पाय दुखत असताना सारा भार डाव्यावर येत होता, त्यामुळे आठवड्यातून एकदा दोन्ही तळवे उलटून पाहण्याचा क्रम मी चालूच ठेवला आहे. मधल्या काळात डाव्या पायावरही एक गुलाबी, चकचकीत ठिपका उमटला होता, तो चटईवरच, काहीही न बांधता, जिरला. पुन्हा खरेदी करायची वेळ आली तर क्लोरहेक्सिडिन, न चिकटणारे गॉझ आणि लवचीक पट्टी डोळे झाकून घेईन. बूट घेईन तो पंजाच्या रेघेवरून माप घेऊन, एका पायासाठी दोन, आणि रबरी चटई व कोरडा भुसा आधी आणल्यावरच.