विंडोज ११ ची रिकव्हरी : साधनं भरपूर, पण कीबोर्ड चालला तर

विंडोज ११ सोबत येणारी रिकव्हरी, म्हणजे विंडोज बिघडलं की दुरुस्तीसाठी उघडणारी ती ‘ट्रबलशूट’वाली निळी स्क्रीन, साधनांच्या बाबतीत भक्कम आहे. स्टार्टअप रिपेअर, सिस्टम रिस्टोअर, शेवटचा अपडेट काढून टाकायची सोय, कमांड प्रॉम्प्ट, सगळं एकाच जागी मिळतं. तरी गुण ५ पैकी ३ च. दोन गुण कापले ते एकाच कारणासाठी: यूएसबी कीबोर्ड आणि माउस तिथे चालतीलच याची खात्री देता येत नाही. समोर ‘कंटिन्यू’ दिसतंय आणि एंटर दाबून काहीच हलत नाही, तर बाकीची साधनं असून नसल्यासारखीच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १४ तारखेचा केबी ५०६६८३५ हा सुरक्षा अपडेट बसला आणि विंडोज ११ च्या २४एच२ व २५एच२ आवृत्त्यांत, तसंच सर्व्हर २०२५ मध्ये, रिकव्हरीतले यूएसबी कीबोर्ड-माउस बंद पडले. नेहमीच्या विंडोजमध्ये तीच उपकरणं व्यवस्थित चालत होती. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी ५०७०७७३ हा तातडीचा अपडेट काढून दुरुस्ती केली. सहा दिवसांत दुरुस्ती आली हे चांगलंच, पण ज्यांचं विंडोज सुरूच होत नव्हतं त्यांनी तो बसवायचा कुठून?

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये) कीबोर्ड चालतो आणि रिकव्हरीत चालत नाही, म्हणून कीबोर्डलाच दोष देऊ नका. बायोसकडे यूएसबीसाठी स्वतःची सोय असते. रिकव्हरी हे मात्र एक वेगळं, छोटं विंडोज आहे. ते विनआरई.विम या फाइलमधून रॅममध्ये उघडतं, एक्स: ड्राइव्ह म्हणून चालतं आणि स्वतःचेच ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) वापरतं. मुख्य विंडोजमध्ये बसवलेला ड्रायव्हर त्याच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरचीही हीच रड होती: त्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते आणि इंटेलने २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरसोबतच्या चिपसेटमधून (मदरबोर्डच्या मुख्य चिपमधून) जुना यूएसबी २ कंट्रोलर, म्हणजे पोर्ट सांभाळणारा भाग, काढून टाकला, त्यामुळे पहिल्याच स्क्रीनवर कीबोर्ड गप्प.

निदान कॅप्सलॉकपासून सुरू करा. रिकव्हरीच्या स्क्रीनवर अर्धा मिनिट थांबा, मग ते बटण दाबून दिव्याकडे बघा. दिवा लागतो-विझतो पण मेन्यू हलत नाही, तर कीबोर्ड पोचलाय आणि रिकव्हरीच अडकली आहे. पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा आणि पुन्हा सुरू करा. दिवा अजिबात बदलत नसेल, तर दोष पोर्ट, कंट्रोलर किंवा ड्रायव्हरकडे आहे.

मग पोर्ट बदला. हब, मॉनिटरमधले पोर्ट, कॅबिनेटचे पुढचे पोर्ट सगळे वगळून वायरवाला साधा कीबोर्ड थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लावा. काळा यूएसबी २ पोर्ट म्हणजे जुना ड्रायव्हर, असा समज आहे. नव्या बोर्डांवर तोही यूएसबी ३ च्याच कंट्रोलरवर चालतो. तरी पोर्ट बदलून पाहायचाच, कारण काही पोर्ट चिपसेटचे असतात आणि काही वेगळ्या चिपचे. ब्लूटूथ कीबोर्डवर इथे भिस्त ठेवू नका.

बोर्डावर गोल पीएस/२ सॉकेट (कीबोर्ड-माउसची जुनी जोडणी) असेल तर सोनंच. तो यूएसबीच्या वाटेला जातच नाही, त्यामुळे ऑक्टोबरच्या घोळातही तो चालत होता. टचस्क्रीनही चालत होती. पीएस/२ कीबोर्ड मशीन बंद असतानाच लावायचा. यूएसबीचं पीएस/२ करणारं साधं कनेक्टर मात्र दोन्ही पद्धती जाणणाऱ्या कीबोर्डलाच चालतं.

बायोसमधलं ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ चालू ठेवा, पण त्याचा उपयोग विंडोज ताबा घेईपर्यंतच. जुन्या बोर्डांवर ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ (यूएसबी ३ चा ताबा विंडोजकडे देणारी सेटिंग) हीही चालू करून पाहावं. बायोसला हात लावण्याआधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी की दुसरीकडे लिहून ठेवा, बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

एवढं करूनही जमलं नाही, तर बायोसमध्ये कीबोर्ड चालतो याचाच फायदा घ्या. दुसऱ्या मशीनवर किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करा (त्यातला डेटा पुसला जातो), बूट मेन्यूतून तो निवडा आणि ‘रिपेअर’चा पर्याय घ्या. या पेन ड्राइव्हमध्ये रिकव्हरीची स्वतःची वेगळी इमेज (फाइलमध्ये बांधलेली प्रत) असते, त्यामुळे डिस्कवरची बिघडलेली विनआरई.विम आड येत नाही. त्याच मशीनवर बिघाडानंतर केलेला रिकव्हरी ड्राइव्ह मात्र तीच खराब फाइल सोबत घेऊन येतो.

विंडोज सुरू होत असेल तर आधी अपडेट पूर्ण करा. ड्रायव्हरच कमी असेल तर तो इमेजमध्ये घालता येतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /डिसेबल’ (reagentc /disable) दिलं की विनआरई.विम सिस्टम३२ च्या रिकव्हरी फोल्डरमध्ये येते. तिची एक प्रत बाजूला ठेवा. डिझम (dism) या विंडोजच्या कमांडने ती माउंट करा, म्हणजे फोल्डरसारखी उघडा, आयएनएफ (.inf) फाइलवाला ६४ बिट ड्रायव्हर ‘ॲड-ड्रायव्हर’ने घाला, ‘कमिट’सह अनमाउंट करा आणि शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’. कमिट विसरलात तर सगळी मेहनत वाया. फाइल फुगते, तेव्हा रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा हवी. जानेवारी २०२४ चा विंडोज १० चा केबी ५०३४४४१ हा अपडेट तिथे २५० एमबी रिकामी जागा नसलेल्या मशीनवर ०एक्स८००७०६४३ ही एरर देत अडत होता.

मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. निळ्या स्क्रीनवर पॉइंटर हलतोय, कॅप्सलॉकचा दिवा लागतोय, हे पाहिलं की ‘कंटिन्यू’ निवडून परत या.