तयार एफ/२ द्रावण (५० एक्स): डायटम वाढवणार असाल तर आधी लेबल वाचा

सागरी सूक्ष्मशैवालं वाढवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये एफ/२ हे सगळ्यात रुळलेलं पोषक माध्यम. गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये 'एफ' माध्यम मांडलं, त्याची निम्मी तीव्रता म्हणजे एफ/२. आता ते ५० पट घट्ट द्रावणाच्या रूपात बाटलीत मिळतं. गाळलेलं, निर्जंतुक केलेलं समुद्राचं पाणी ९८० मिली घ्यायचं, त्यात २० मिली द्रावण घालायचं, की लिटरभर माध्यम तयार.

या बाटलीचा खरा फायदा नायट्रेट-फॉस्फेटमध्ये नाही. ते कुणीही वजन करून घेऊ शकतं: सोडियम नायट्रेट लिटरला ७५ मिग्रॅ, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिग्रॅ. फायदा आहे तो सूक्ष्म धातूंच्या मिश्रणात. ते स्वतः करायचं तर मँगनीज, जस्त, कोबाल्ट, तांबं आणि मॉलिब्डेनम यांचे पाच वेगळे स्टॉक (साठ्याची घट्ट द्रावणं) लागतात. प्रत्येकातलं १ मिली, फेरिक क्लोराइड ३.१५ ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए (धातूंना द्रावणात धरून ठेवणारं संयुग) ४.३६ ग्रॅम असं एका लिटरमध्ये मिसळायचं, आणि त्यातलं फक्त १ मिली माध्यमाच्या एका लिटरला वापरायचं. कॉपर सल्फेट शेवटी लिटरला जेमतेम ९.८ मायक्रोग्रॅम उरतं. इथे दशांशचिन्ह एक घर सरकलं की तांबं दहापट होतं, आणि तांबं शैवालांना विषारी आहे. कल्चर, म्हणजे वाढवत असलेलं शैवाल, बसलं की लोक पाण्याला, दिव्यांना, विरजणाला (सुरुवातीला घातलेल्या शैवालाला) दोष देतात. चूक मात्र तीन महिन्यांपूर्वी केलेल्या स्टॉकमध्ये असते. तयार द्रावण ही जोखीम काढून टाकतं, आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ते घेण्यासारखं आहे.

आता उणीव. या प्रकारच्या बऱ्याच बाटल्यांत सिलिकेट नसतं. घट्ट द्रावणात धातू आणि सिलिकेट एकत्र सुखाने नांदत नाहीत, साका धरतो, म्हणून ते वगळलेलं असतं. नॅनोक्लोरोप्सिस, टेट्रासेल्मिस, आयसोक्रायसिस यांना त्याने काही फरक पडत नाही. थॅलासिओसिरा, कीटोसेरॉस किंवा स्केलेटोनिमा हे मात्र डायटम, म्हणजे सिलिकेटपासून कवच बनवणारी शैवालं, त्यांची उपासमार होते. घोळ असा की ही उपासमार लगेच दिसत नाही. विरजणाबरोबर आलेलं आणि पाण्यात मुळात असलेलं सिलिकेट पुरेल तोवर वाढ छान होते, मग ती अचानक थांबते, रंग फिकटतो, पेशी बुडाशी बसतात. काचेच्या फ्लास्कमधूनही थोडं सिलिकेट पाझरतं, त्यामुळे 'कमी का होईना, वाढतंय' असं वाटत राहतं.

उपाय सोपा आहे. सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेटचा लिटरला ३० ग्रॅमचा स्टॉक करा आणि माध्यमाच्या एका लिटरला १ मिली घाला. हा स्टॉक तीव्र अल्कधर्मी असतो, म्हणून तो काचेत न ठेवता प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा. माध्यमात घालताना पाणी ढवळत ठेवून थेंबथेंब सोडा. एकदम ओतला तर पडेल तिथेच पांढरट ढग धरतो.

द्रावण घालून मग सगळंच ऑटोक्लेव्ह करायचा (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचा) मोह टाळा. १२१ अंशांवर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कार्बोनेट आणि फॉस्फेट खाली बसतात. फॉस्फेट गाळात गेलं की ते शैवालांच्या वाट्याला कमीच येतं, शिवाय द्रावणातलं थायमिन (बी१ जीवनसत्त्व) उष्णतेने नासतं. आधी नुसतं पाणी ऑटोक्लेव्ह करा. बाटली तीन-चतुर्थांशच भरा, नंतर झाकण सैल ठेवून ती दिवसभर तशीच राहू द्या, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड परत मुरतो आणि पीएच उतरतो. मग स्वच्छ हवेच्या कक्षात द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून घाला. बाटलीवर 'निर्जंतुक' लिहिलेलं असलं, तरी एकदा उघडल्यावर त्यावर भिस्त ठेवू नका.

क्षारतेचा, म्हणजे खारटपणाचा, हिशेबही करा. द्रावण गोड्या पाण्यात केलेलं असेल, तर २० मिलीमुळे ३५ ची (हजार भागांत ३५ भाग मीठ) क्षारता साधारण ३४.३ वर येते. रोजच्या कल्चरला चालतं, पण क्षारतेवरच प्रयोग असेल तर पाणी तेवढं जास्त खारं घ्यावं लागतं.

नायट्रेट काढून टाकण्याचे किंवा फॉस्फेट कमी करण्याचे प्रयोग करणाऱ्यांना ही बाटली निरुपयोगी आहे. सगळे घटक एकाच मापात बांधलेले. एफ/२ मध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरसचं मोलर गुणोत्तर सुमारे २४ ला १ पडतं, रेडफिल्डच्या (सागरी प्लवकांत सरासरी आढळणाऱ्या) १६ ला १ पेक्षा बरंच जास्त, आणि ते बदलायची सोय नाही. अशा कामाला नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, सूक्ष्म धातू आणि जीवनसत्त्वं यांचे पाच स्वतंत्र स्टॉकच हवेत.

साठवणीत जीवनसत्त्वं ही सगळ्यात कच्ची कडी. बी१२ उजेडात खराब होतं, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळून ती फ्रीजमध्ये ठेवा. मिळाल्याबरोबर निर्जंतुक नळ्यांत २०-२० मिली भरून ठेवणं उत्तम, मूळ बाटलीत पिपेट बुडवायची वेळच येत नाही. तळाशी तपकिरी कण दिसले तर लोह ईडीटीएपासून सुटून साक्यात गेलंय असं समजा आणि ती बाटली टाकून द्या.

नवीन बॅच तपासताना फिओडॅक्टायलम या डायटमवर तपासू नका. त्याला बी१२ बाहेरून लागत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वं मेलेली असली तरी ते हिरीरीने वाढेल. थॅलासिओसिरा स्यूडोनाना घ्या, तिला ते लागतंच. जिवाणूविरहित कल्चर वापरा, नाहीतर जिवाणूच बी१२ पुरवतात आणि दोष झाकला जातो. एका पिढीवर निकाल देऊ नका: विरजणातलं जुनं जीवनसत्त्व संपेपर्यंत शंभरात एक या प्रमाणात सलग तीनदा ताज्या माध्यमात घाला आणि तिसऱ्या फ्लास्कची वाढ मोजा.

५०० मिलीच्या बाटलीत २५ लिटर माध्यम होतं. आठवड्याला दोन लिटर लागत असेल तर तीन महिन्यांची बेगमी, तेवढीच घ्या. अर्धा लिटरही न लागणाऱ्यांनी लहान बाटली शोधावी.